प्रकरण चौथे, मुद्दा ३.७

अनेक आशीर्वाद.

प्रबंधांसाठी वर्डमध्ये बनवून तू पाठवलेलं टेम्प्लेट, म्हणजे तयार साचा, काल दुकान बंद केल्यावर निवांत उघडून बघितलं. दिसायला देखणं झालंय. समास, फॉन्ट, मुखपृष्ठ, सगळं जागच्या जागी. पण मी दिसण्याकडे नंतर बघतो, आधी डावीकडचा नेव्हिगेशन पेन उघडतो, फाइलीतली शीर्षकं दाखवणारा. तुझ्या फाइलीत तो कोरा निघाला. म्हणजे ‘प्रकरण १ : प्रस्तावना’ ही ओळ तू साध्याच मजकुराला ठळक करून, आकार वाढवून, मधोमध आणून बनवलीस आणि तो ‘१’ हाताने टाइप केलास. आपल्याला ते शीर्षक दिसतं, वर्डच्या लेखी तो जाड अक्षरांतला परिच्छेद. अनुक्रमणिका कशातून बनणार मग?

वाईट वाटून घेऊ नकोस. माझी चूक याहून महागात पडली होती. एका विद्यार्थ्याचा प्रबंध होता, पाच प्रकरणांच्या पाच फाइली. मी त्या एकाखाली एक चिकटवल्या. सगळीकडे हेडिंगच्या स्टाइली, म्हणजे शीर्षकांसाठीचे नाव दिलेले ठरावीक साज, लावलेल्या दिसल्या, म्हणून निर्धास्त होतो. पाच प्रती छापल्या, काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. मुलगा प्रती घेऊन मार्गदर्शकांकडे गेला आणि तासाभरात तोंड पाडून परत आला. चौथ्या प्रकरणातला पहिलाच मुद्दा ३.७! अनुक्रमणिकेतही ३.७, कारण ती बिचारी आत जे आहे तेच दाखवते. पाचही प्रती पदरमोड करून पुन्हा काढून दिल्या.

झालं होतं असं. वर्ड क्रमांक देतं ते यादी धरून. चौथ्या प्रकरणाचं शीर्षक एका यादीतलं आणि खालचे मुद्दे दुसऱ्याच यादीतले. त्यामुळे मुद्द्यांच्या यादीला चौथं प्रकरण लागल्याचा पत्ताच नव्हता. तिच्या हिशेबी तिसरंच चालू होतं, सहानंतर सात. स्टाइलचं नाव दोन्हीकडे तेच होतं, म्हणून माझ्या नजरेतून सुटलं. तेव्हा डोक्यात पक्कं बसलं की क्रमांक शीर्षकाचा नसतो, यादीचा असतो. अख्ख्या टेम्प्लेटमध्ये शीर्षकांची यादी एकच हवी आणि हेडिंग १, २, ३ या स्टाइली तिच्या एकेका पातळीला बांधलेल्या हव्यात.

बांधायच्या कशा? आधी ‘प्रस्तावना’ या शब्दाला हेडिंग १ लाव आणि कर्सर तिथेच ठेव. होम टॅबवर बुलेट आणि नंबरिंगच्या शेजारी तिसरं बटण आहे, मल्टिलेव्हल लिस्टचं. त्यातून ‘डिफाइन न्यू मल्टिलेव्हल लिस्ट’ उघड. खिडकी छोटी उघडते. कोपऱ्यातलं ‘मोअर’ दाबल्याशिवाय कामाची गोष्ट दिसतच नाही, आणि बहुतेक जण इथूनच माघारी फिरतात. मोअर दाबलंस की उजवीकडे ‘लिंक लेव्हल टू स्टाइल’ येतं. पहिल्या पातळीला हेडिंग १, दुसरीला २, तिसरीला ३. पहिल्या पातळीच्या चौकटीत जो राखाडी आकडा दिसतो, त्याच्या आधी ‘प्रकरण’ आणि एक स्पेस टाइप कर. तो राखाडी आकडा मात्र पुसून स्वतःचा टाकू नकोस. तो जिवंत आहे, वर्ड तो स्वतःच बदलतं; तू टाकलेला मेलेला असेल. शीर्षक डावीकडून किती आत सरकवायचं तेही याच खिडकीत ठरव. एकदा इथे, एकदा स्टाइलच्या पॅराग्राफमध्ये असं केलंस तर दोघांची ओढाताण सुरू होते.

आता आपल्या मराठीचं दुखणं. पहिल्या पातळीला नंबर स्टाइलमध्ये देवनागरी अंक निवडलेस आणि दुसरीला विसरलीस, तर शीर्षकाच्या डोक्यावर अर्धा देवनागरी आणि अर्धा इंग्रजी असा जोडक्रमांक येतो. प्रत्येक पातळी स्वतंत्रपणे बदलावी लागते. ‘लीगल स्टाइल नंबरिंग’ या चौकोनावर टिक करू नकोस, ती सगळ्याच पातळ्यांचे अंक इंग्रजी करून टाकते. त्याच यादीत अक्षरी क्रमांकही सापडतील, पण ते ‘एक, दो, तीन’ असे हिंदी आहेत. मोहात पडू नकोस.

दुसरं, फॉन्ट. हेडिंग १ चा आकार तू २० केलास तरी देवनागरी अक्षरं जराही हलली नाहीत, असं फोनवर म्हणाली होतीस ना? वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ समजतं आणि तिचा फॉन्ट, आकार, ठळकपणा वेगळा लिहून ठेवतं. मॉडिफाय स्टाइलमध्ये खाली फॉर्मॅट, मग फॉन्ट. तिथे वरच्या भागात लॅटिन अक्षरांचा कप्पा असतो आणि त्याच्याखाली कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा. तू वरचा बदलत होतीस. दोन्ही भर. आपल्या प्रबंधांत इंग्रजी शब्दही येतातच.

आणि कोणी जुन्या, बिगर-युनिकोड फॉन्टमधला मजकूर आणून दिला तर आधी तो युनिकोडमध्ये करून घे. तसला मजकूर पानावर छान दिसतो, नेव्हिगेशन पेनमध्ये त्याच शीर्षकाची इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मी तर गिऱ्हाइकाची फाइल जुनी की नवी हे तिथेच ओळखतो.

ऋणनिर्देश, संदर्भसूची यांना क्रमांक नको, पण अनुक्रमणिकेत तर यायला हवीत. लोक काय करतात, हेडिंग १ लावतात आणि पुढचा क्रमांक बॅकस्पेसने खोडतात. एकदा खपतं, पण कोणी स्टाइल पुन्हा लावली की क्रमांक हजर. त्यापेक्षा हेडिंग १ वर बेतलेली एक वेगळी स्टाइल कर, त्या स्टाइलमध्येच क्रमांक ‘नन’ (काही नाही) कर आणि तिला सरळ मराठी नाव दे, ‘बिनक्रमांकी शीर्षक’. वापरणाऱ्याला विचारावं लागू नये.

नॉर्मल या स्टाइलला शक्यतो हात लावू नकोस. हेडिंगच्या स्टाइली तिच्यावरच बेतलेल्या असतात. तू नॉर्मल दोन्हीकडून समान (जस्टिफाय) केलीस, त्यामुळे तुझ्या फाइलीतल्या दोन ओळींच्या नव्या हेडिंगचीही पहिली ओळ लांबच लांब ताणली गेली असती, शब्दांमध्ये खिंडारं पाडून. मजकुरासाठी बॉडी टेक्स्ट ही स्टाइल वापर. आणि मॉडिफाय स्टाइलमधलं ‘ऑटोमॅटिकली अपडेट’ बंदच असू दे. नाहीतर कोणी एक शीर्षक तिरपं करेल आणि प्रबंधातली तसली सगळी शीर्षकं तिरपी होतील.

टेम्प्लेट वापरणारा माणूस घाईत असणार हे धरूनच चाल. तो दुसरीकडून मजकूर आणून चिकटवणार आणि सोबत तिथल्या स्टाइली, तिथल्या याद्या घेऊन येणार. पहिल्याच पानावर ठळक सूचना लिही : ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ने, म्हणजे सजावट सोडून नुसता मजकूर, चिकटवा. त्यातूनही बिघडलंच तर परिच्छेदात कर्सर ठेवून कंट्रोल-क्यू, अक्षरं निवडून कंट्रोल-स्पेसबार. हाताने केलेली सजावट गळून पडते, स्टाइल उरते. ‘मुद्दा ३.२ पाहा’ असे उल्लेखही हाताने न लिहिता वर्डच्या क्रॉस-रेफरन्सनेच टाकायला सांग, म्हणजे क्रमांक बदलला तरी ते जुळवून घेता येतात.

आणखी एक, नाहीतर विभागातून उद्या तुलाच फोन येतील. टेम्प्लेट नंतर सुधारलंस म्हणून त्यावरून आधीच बनलेल्या फाइली आपोआप सुधारत नाहीत. शिवाय टेम्प्लेटवर डबल-क्लिक केलं की नवी फाइल उघडते, टेम्प्लेट नाही. दुरुस्ती करायची तर वर्डमध्ये जाऊन फाइल-ओपननेच ते उघड.

आता हे सगळं करून त्यात सहा-सात प्रकरणांचा खोटा मजकूर भर, प्रत्येकात तीन-चार मुद्दे. मग नेव्हिगेशन पेनमध्ये तिसरं प्रकरण माउसने उचलून पाचव्याखाली टाक. मग कंट्रोल-ए ने सगळं निवड आणि एफ ९ दाबून आकडे ताजे कर. मुद्दे, अनुक्रमणिका, उल्लेख, तिन्ही ठिकाणचे आकडे जुळतात का बघ आणि फाइल मला पाठव. नाही जुळले तरी पाठव. गुरुवारी दुपारपर्यंत आमच्याकडे लाइट नसते, तेवढं सोडून कधीही.

तुझा,
काका