रेमेडियल वर्गाचा गुण की चाचणीचा योगायोग?

प्रश्न : पुण्यातील एका महाविद्यालयात मी प्रथम वर्ष विज्ञानाला गणित शिकवते. पहिल्या चाचणीत ५० पैकी २० पेक्षा कमी गुण मिळालेल्यांसाठी आम्ही सकाळी साडेसातला रेमेडियल वर्ग घेतो. दुसऱ्या चाचणीत त्यांची सरासरी १३ वरून १९ वर गेली. नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) अहवालात ही वाढ वर्गामुळे झाली, असे लिहावे का?
– एक वाचक, शिवाजीनगर

उत्तर : आकडे अवश्य द्यावेत, ‘वर्गामुळे’ हा शब्द मात्र तूर्त लिहू नये. चाचणीत तळाशी राहिलेल्यांत खरोखर कच्चे विद्यार्थी असतात, तसे त्या दिवशी तापाने फणफणलेले किंवा पीएमपीची बस चुकल्याने अर्ध्या तासाने पोहोचलेलेही असतात, आणि अशांचे गुण पुढच्या खेपेस कोणी काही न शिकवताही थोडे वर येतात. सरासरीकडे परतण्याची ही प्रवृत्ती इंग्लिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील व मुले यांच्या उंचीच्या नोंदींवरून मांडली होती.

वर्गाला येणारे आणि न येणारे यांची तुलनाही फसवी ठरते, कारण थंडीत साडेसातला येऊन बसणारा विद्यार्थी मुळातच नेटाचा असतो.

त्यापेक्षा तुमच्याकडे असलेली २० गुणांची रेघ कामी आणावी. १८-१९ गुणांचे आणि २०-२१ गुणांचे विद्यार्थी तयारीने जवळपास सारखेच असतात. पहिल्यांना वर्गात बोलावले जाते, दुसऱ्यांना नाही. सेमिस्टरअखेरीस रेघेखालचे वरच्यांच्या पुढे गेले, तर वर्गाचा उपयोग झाला असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते. थिसलथ्वेट आणि कॅम्पबेल या संशोधकांनी १९६० मध्ये अमेरिकेतील गुणवत्ता पुरस्कारांचा परिणाम तपासताना हीच पद्धत वापरली. एका तुकडीत रेघेजवळचे विद्यार्थी मोजकेच निघतात, म्हणून तीन-चार वर्षांच्या नोंदी एकत्र कराव्यात. आणि १९ चे २० करून देण्याची आपली प्राध्यापकी दयाबुद्धी तेवढ्यापुरती आवरावी, नाहीतर रेघेला अर्थच उरत नाही. हे उत्तर रेघेजवळच्यांपुरतेच असते. पाच गुण मिळवणाऱ्याला वर्ग कितपत पुरतो, हे त्यातून कळणार नाही.

दुसऱ्या चाचणीला जे बसलेच नाहीत, त्यांचे काय केले, हे पत्रात आलेले नाही. सर्वांत कच्चे विद्यार्थीच अनेकदा गैरहजर राहतात, आणि त्यांना वगळले की उरलेल्यांची सरासरी आपोआप चढते. म्हणून १३ आणि १९ हे दोन्ही आकडे आधी एकाच विद्यार्थ्यांचे आहेत ना, हे हजेरीपट समोर ठेवून तपासावे.