शेवटच्या सेकंदाची बोली

ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर शेवटच्या दहा सेकंदांत बोली लावण्यात खरोखर फायदा आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘आहे’ असे आहे, कारण तेथे लिलाव ठरल्या वेळीच संपतो आणि इरेला पेटून थोडे थोडे वाढवत जाणाऱ्यांना प्रत्युत्तराची सवडच उरत नाही. ॲमेझॉनच्या जुन्या लिलावांत शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत वाढत असे, म्हणून रॉथ आणि ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांना २००२ च्या अभ्यासात तेथे ही घाई बरीच कमी आढळली. पुण्यात बसून होळकरांच्या रुपयाच्या नाण्यासाठी बोली लावताना मी ४० डॉलर ही कमाल आधी कागदावर लिहितो आणि तोच आकडा बोली म्हणून शेवटी एकदाच नोंदवतो. पुण्याच्या जुन्या बाजारात मात्र ही कमाल लपवता येत नाही, विक्रेता चेहराच वाचतो.