'लाडावलेला'च्या उलट काय लिहायचं?

अगं, मेसेज वाचला तुझा. गोष्टीतल्या पोराला तू 'लाड न झालेला' लिहिलंयस, त्याऐवजी 'लाडावलेला'चा विरुद्धार्थी शब्द हवाय आणि तोही एकच, तर एकच नाही मिळणार हे आधीच सांगते. शाळेतलं लाडका-दोडका डोक्यात असेल तर बाजूला ठेव, दोडका म्हणजे नुसता नावडता, तो वाढला कसा हे त्यातून काहीच कळत नाही.

मुळात लाडावणं म्हणजे काय, तर माया भरपूर आणि अटकाव शून्य. मग उलटं करताना यातलं तू काय उलटं करतेयस? डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1960च्या दशकात आईबापांच्या वागण्याचे तीन प्रकार मांडले, पुढे 1983 मध्ये मॅकोबी आणि मार्टिन या आणखी दोन मानसशास्त्रज्ञांनी माया किती आणि अपेक्षा किती अशी दोन मापं लावून दुर्लक्ष करणाऱ्यांचा चौथा प्रकार वेगळा काढला. मला हे डिक्शनरीपेक्षा कामाचं वाटतं. माया तशीच ठेवून नियम आणलेस तर पोरगा शिस्तीत वाढलेला, वळण असलेला. माया काढून नुसते नियम ठेवलेस तर धाकात, जाचात वाढलेला. आणि दोन्ही काढलंस तर आबाळ.

यातही फरक बघ, आबाळ 'होते', त्यात कुणाचा दोष असेलच असं नाही, आई आजारी पडली तरी पोरांची आबाळ होते. हेळसांड मात्र कुणीतरी करतं, तिथे बोट दाखवता येतं. परवड त्याहून लांबलेली, आज इथे उद्या तिथे, आपलं म्हणावं असं कुणीच नाही. उपेक्षित हा शब्द मला लेखात चालतो, गोष्टीत फार भाषणासारखा वाटतो (हे माझं मत हां).

काटक, कणखर, सोशिक हे शब्द लोक सर्रास विरुद्धार्थी म्हणून देतात, ते मला पटत नाही, कारण ते वाढवण्याबद्दल नाहीतच, माणूस पुढे कसा झाला त्याबद्दल आहेत, आणि लाडात वाढलेली माणसंही टक्केटोणपे खाऊन कणखर होतातच की. त्यातही काटक शरीराने, कणखर मनाने, आणि सोशिक म्हणजे मुकाट्याने सहन करणारा, तिन्ही एकाच ओळीत कोंबू नकोस प्लीज.

तुझ्या गोष्टीतल्या पोराच्या आईबद्दल तू अजून काहीच लिहिलेलं नाहीस. ती घरात होती का, असली तर त्याला कशाकशाला नाही म्हणायची, एवढं ठरव आणि पॅरा परत पाठव, तोवर ते 'लाड न झालेला' खोडून टाक.