वाचकांचे प्रश्न : मॉडेलं तीन, चुका मात्र त्याच

मशीन लर्निंगचे एकाहून जास्त क्लासिफायर (माहितीवरून 'हे की ते' ठरवणारी मॉडेलं) एकत्र करण्याबद्दल सांगली-साताऱ्याकडून आलेली पत्रं या वेळी एकदम घेतली आहेत. सगळ्यांचं काम पायथनमधल्या सायकिट-लर्न या लायब्ररीवर चाललंय, त्यामुळे उत्तरंही त्याच धरून दिली आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. द्राक्षबागेत येत्या पाच दिवसांत डाऊनी (केवडा रोग) येईल की नाही, याचा अंदाज देणारा प्रकल्प आम्ही करतोय. फळछाटणीनंतरच्या दिवसांचं तापमान, आर्द्रता, पाऊस आणि पान ओलं राहण्याचे तास एवढी माहिती आहे. चाचणीला 400 ओळी ठेवल्या, त्यांतल्या 60 रोगाच्या. तीन मॉडेलांची अचूकता अशी : रँडम फॉरेस्ट 88 टक्के, ग्रेडियंट बूस्टिंग 87, लॉजिस्टिक रिग्रेशन 86. तिघांचं बहुमत घेतलं तर 88.25. एवढा खटाटोप करून पाव टक्का? आमचं कुठे चुकतंय?
— अभियांत्रिकीचे विद्यार्थी, सांगली

उत्तर : आधी 88 टक्क्यांकडेच बघू. 400 पैकी 340 ओळी रोग नसलेल्या आहेत. डोळे मिटून रोज 'रोग नाही' म्हणणारं मॉडेलसुद्धा 85 टक्के मिळवतं. म्हणजे तुमची सगळी लढाई वरच्या तीन टक्क्यांत चालली आहे आणि त्यात पाव टक्का म्हणजे नेमकी एक ओळ. 400 ओळींच्या चाचणीत 88 टक्क्यांची प्रमाण त्रुटी (निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार) साधारण 1.6 टक्के येते. 86, 87, 88 आणि 88.25 यांत फरक आहे असं या चाचणीवरून म्हणताच येत नाही.

आता बहुमताचं गणित. फ्रेंच गणिती कोंदोर्से याने 1785 मध्ये ते मांडलं. प्रत्येकी 70 टक्के बरोबर असणारे आणि एकमेकांशी संबंध नसलेले तिघे घेतले, तर बहुमत 78.4 टक्के बरोबर येतं. पाच घेतले तर 83.7. (तिघेही 40 टक्केवाले असतील तर बहुमत 35.2 वर घसरतं, हेही त्याच गणितात आहे. वाईटांची बेरीज आणखी वाईट.) सगळी मेख 'एकमेकांशी संबंध नसलेले' या अटीत आहे. तुमच्या तिन्ही मॉडेलांना माहिती तीच, हवामान केंद्र तेच, ओळीही त्याच. ती एकाच माळेचे मणी आहेत की नाहीत, हे मोजून बघता येतं.

कसं मोजायचं? रँडम फॉरेस्टच्या चुका 48, बूस्टिंगच्या 52. दोघं एकमेकांपासून स्वतंत्र चुकत असते तर दोघांच्या सामाईक चुका 48 गुणिले 52 भागिले 400, म्हणजे सहाच्या आसपास आल्या असत्या. प्रत्यक्षात किती ओळींवर दोघंही चुकले ते मोजा. काही ओळी सगळ्यांनाच अवघड असतात, त्यामुळे सहाहून जास्तच निघतील. दहा-बारा निघाल्या तरी एकत्र करण्यात अर्थ आहे. तीसच्या घरात निघाल्या तर तुमच्याकडे एकच मॉडेल दोन नावांनी आहे. तिन्ही जोड्यांसाठी हा आकडा काढा. अचूकतेच्या तक्त्यापेक्षा हा छोटा तक्ता जास्त बोलतो, आणि आमच्या मते प्रकल्पाच्या अहवालात तोच आधी यायला हवा.

मग ज्या ओळींवर तिघंही चुकले त्या वेगळ्या काढा. त्या ओळी कुठल्याही बहुमताने सुटणाऱ्या नाहीत. कागदावर छापा आणि प्रत्येकीसमोर तारीख, बाग आणि फवारणीची नोंद लिहा. आमचा अंदाज असा की दोन गठ्ठे पडतील. एकात हवा डाऊनीला पूर्ण पोषक होती, पण आदल्या दिवशी फवारणी झाल्यामुळे रोग आला नाही. फवारणीचा रकानाच नसल्यावर मॉडेलने ओळखायचं कसं? दुसऱ्या गठ्ठ्यात हवामान केंद्र कोरडं दाखवत होतं, पण दाट कॅनोपीत (वेलींच्या पानोऱ्यात) दवाने पानं सकाळी उशिरापर्यंत ओली होती. दोन्ही ठिकाणी खोट माहितीत आहे, चौथं मॉडेल जोडून ती भरून निघत नाही. 'शेवटच्या फवारणीला किती दिवस झाले' आणि 'फवारणीनंतर किती मिलिमीटर पाऊस झाला' हे दोन रकाने घाला.

वेगळं मत हवंच असेल तर ते वेगळ्या खिडकीतून बघणाऱ्याकडून घ्या. पानाच्या वरच्या बाजूचे तेलकट पिवळे डाग आणि खालची पांढरी बुरशी फोटोवरून ओळखणारं मॉडेल हवामानावरच्या मॉडेलाच्या चुका करणार नाही. त्याच्या चुका त्याच्या स्वतःच्या असतील. अशी दोन साधारण मॉडेलं एका माहितीवरच्या पाच उत्तम मॉडेलांपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

शेवटचं, आणि बागायतदाराच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं : 60 रोगी ओळींपैकी बहुमताने किती पकडल्या ते पत्रात नाही. अचूकता 88 असताना अर्ध्याहून जास्त रोग निसटलेला असू शकतो. निसटलेल्या एका दिवसाचं नुकसान फुकट गेलेल्या एका फवारणीच्या पाचपट धरलं, तर इशारा शक्यता 0.5 झाल्यावर न देता एक षष्ठांशावर, म्हणजे 0.17 च्या आसपास द्यायला हवा. मात्र मॉडेलने दिलेली शक्यता भरवशाची हवी. त्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

प्रश्न : बहुमत घ्यावं की शक्यतांची सरासरी? पुस्तकांत सरासरी, म्हणजे सॉफ्ट व्होटिंग, चांगलं म्हणतात. आम्ही केलं तर निकाल खालावला. मॉडेलं : नाइव्ह बेज, रँडम फॉरेस्ट, एसव्हीएम.
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाइव्ह बेज तुमचा घात करतोय. हा क्लासिफायर प्रत्येक रकाना स्वतंत्र पुरावा मानतो. एकच गोष्ट सांगणारे चार रकाने असले की तो चार साक्षीदार धरतो आणि थेट 0.99 म्हणतो. रँडम फॉरेस्ट उलट स्वभावाचा, शेकडो झाडांची सरासरी असल्याने तो टोकाला जायला कचरतो. एका ओळीवर नाइव्ह बेज 0.99, फॉरेस्ट 0.40 आणि एसव्हीएम 0.35 म्हणाला तर दोघं 'नाही'च्या बाजूचे, पण सरासरी 0.58 निघते आणि निकाल 'होय' लागतो. जो जास्त ओरडतो त्याचं खरं ठरतं.

सरासरी घेण्याआधी प्रत्येक मॉडेल कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याने दिलेली शक्यता प्रत्यक्षाशी जुळवून घ्या; कॅलिब्रेटेड-क्लासिफायर-सीव्ही त्यासाठीच आहे. ओळी हजाराहून कमी असतील तर सिग्मॉइड पद्धत (ठरलेल्या आकाराची एक वक्ररेषा बसवणारी), बऱ्याच जास्त असतील तर आयसोटोनिक (माहितीप्रमाणे पायऱ्या पाडणारी). थोड्या ओळींवर आयसोटोनिक पाठांतर करतं. मग तपासा : ज्या ओळींना मॉडेलने 0.7 च्या आसपास शक्यता दिली, त्यांतल्या खरोखर सत्तरेक टक्के तशा निघाल्या का? निघत असतील तर सरासरी घ्या. एवढं करायचं नसेल तर साधं बहुमत बरं.

प्रश्न : चार मॉडेलांत दोन-दोन मतं पडली तर निकाल कसा लागतो?
— एक वाचक, कराड

उत्तर : व्होटिंग-क्लासिफायरमध्ये हार्ड व्होटिंग (साधं बहुमत) असताना बरोबरी झाली, तर वर्गांच्या चढत्या क्रमात जो आधी येतो तो जिंकतो. तुमचे वर्ग 0 आणि 1 असतील तर प्रत्येक बरोबरीचा निकाल 0. रोगाच्या कामात 0 म्हणजे 'रोग नाही', म्हणजे शंका आली की यंत्र गप्प बसणार. हवं त्याच्या नेमकं उलट. मॉडेलं तीन किंवा पाच ठेवा, नाहीतर वजनं द्या. दोनहून जास्त वर्ग असतील तर विषम संख्येनेही बरोबरी टळत नाही, तिथे शक्यतांची सरासरीच घ्या.

प्रश्न : बेदाण्याची फोटोवरून प्रतवारी करायची आहे : हिरवा, पिवळा, काळा. 12 लॉटचे प्रत्येकी 200 फोटो. तीन मॉडेलं आणि त्यांच्यावर, त्यांची उत्तरं घेऊन शेवटचा निकाल देणारं लॉजिस्टिक रिग्रेशन असा स्टॅक केला. आमच्याकडे 97 टक्के आला, नवीन लॉट आला तेव्हा 81. सगळं पुस्तकाप्रमाणे केलंय.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : दोन ठिकाणी गळती आहे असं दिसतं, आणि दोन्ही नेहमीच्या आहेत.

पहिली गळती वरच्या मॉडेलात. खालच्या तीन मॉडेलांना सगळे फोटो शिकवले, त्याच फोटोंवर त्यांची उत्तरं घेतली आणि ती वरच्या मॉडेलाला दिली, असं झालं असेल तर वरच्याची फसवणूक झाली. रँडम फॉरेस्ट स्वतः पाहिलेल्या फोटोंवर जवळजवळ शंभर टक्के बरोबर असतं. वरचं मॉडेल बघतं की हा कधीच चुकत नाही, आणि सगळा भरवसा त्याच्यावर टाकतं. नव्या फोटोवर तो भरवसा फुकट जातो. डेव्हिड वोल्पर्ट यांनी 1992 मध्ये स्टॅकिंग मांडलं तेव्हापासून अट हीच आहे की वरच्याला मिळणारं प्रत्येक उत्तर, तो फोटो न पाहिलेल्या मॉडेलाचं असलं पाहिजे.

दुसरी गळती लॉटची. एका लॉटचे 200 फोटो म्हणजे तोच माल, तोच दिवा, तीच ट्रे. त्यांतले 160 शिकायला आणि 40 चाचणीला गेले, तर मॉडेल बेदाण्याचा रंग शिकतंय की दिव्याचा, हे कळायला मार्ग नाही. तुमचा 97 हा आकडा आम्ही विसरून जाऊ; 81 खरा धरा.

आता रीतसर करू. 12 पैकी 2 लॉट आधीच बाजूला काढा आणि अगदी शेवटपर्यंत त्यांना हात लावू नका. उरले 10 लॉट, 2000 फोटो. दोन-दोन लॉटचे पाच गट पाडा. चार गटांवर तिन्ही मॉडेलं शिकवा, पाचव्यावर उत्तरं घ्या. गट बदलत पाच वेळा करा. प्रत्येक फोटोसाठी तीन मॉडेलांच्या तीन वर्गांच्या शक्यता मिळतील, म्हणजे 2000 ओळी आणि 9 रकाने. या तक्त्यावर वरचं लॉजिस्टिक रिग्रेशन शिकवा. शेवटी खालची तिन्ही मॉडेलं पूर्ण 2000 फोटोंवर पुन्हा शिकवा. खालची 15, पुन्हा 3 आणि वरचं 1, एकूण 19 वेळा शिकवणं होतं. वेळेचा हिशोब तसा धरा. मग बाजूच्या 2 लॉटवर एकदाच चाचणी.

इथे घोडं एका जागी पेंड खातं. स्टॅकिंग-क्लासिफायरला सीव्ही (गट कसे पाडायचे ते सांगणारी सूचना) म्हणून नुसता 5 हा आकडा दिला, तर तो वर्गांचं प्रमाण सांभाळतो, लॉट सांभाळत नाही. ग्रुप-के-फोल्डने (एक लॉट एकाच गटात ठेवणाऱ्या साधनाने) पाडलेल्या विभागण्यांची यादीच त्याला द्या. एखादा लॉट जवळजवळ सगळा हिरवाच असेल तर गट हाताने जुळवा, शिकवण्याच्या बाजूला दर वेळी तिन्ही प्रती आल्या पाहिजेत. रकान्यांचं स्केलिंग (आकडे एका मापात आणणं) करत असाल तर तेही पाइपलाइनच्या, म्हणजे मॉडेलाशी बांधलेल्या पायऱ्यांच्या साखळीच्या, आत. बाहेर आधीच केलं की चाचणीच्या लॉटची सरासरी आत शिरते.

वरचं मॉडेल साधंच असू द्या. 9 रकान्यांवर पुन्हा रँडम फॉरेस्ट बसवण्याचा मोह होतो, त्याने बहुधा पाठांतरच वाढतं. (हवामानासारखी तारखेच्या क्रमाने चालणारी माहिती असेल तर टाइम-सिरीज-स्प्लिट (आधीच्या तारखांवर शिकवून पुढच्यांवर तपासणारी विभागणी) लागतं, पण स्टॅकिंग-क्लासिफायर आतून वापरतो ते क्रॉस-व्हॅल-प्रेडिक्ट ते स्वीकारत नाही, कारण त्यात सुरुवातीच्या ओळींची कधीच चाचणी होत नाही. तिथे फेरा स्वतः लिहायचा आणि त्या सुरुवातीच्या ओळी वरच्या तक्त्यातून सोडून द्यायच्या.)

प्रश्न : स्ट्रॉबेरीचे फोटो, वर्ग दोन : पाऊण रंगाची आणि पूर्ण लाल. ॲडाबूस्ट रँडम फॉरेस्टपेक्षा खराब चालतोय. बूस्टिंग वरचढ असतं ना?
— एक वाचक, पाचगणी

उत्तर : लेबलं कोणी लावली? पाऊण रंग आणि पूर्ण लाल यांची सीमा डोळ्यांनी ठरवायची म्हटली की दोन माणसांत एकमत होत नाही. ॲडाबूस्ट दर फेरीत चुकलेल्या फोटोंचं वजन वाढवतो. फोटो अवघड असेल तर ते योग्यच. पण लेबलच चुकीचं असेल तर तो त्या चुकीच्या लेबलाचा पिच्छा सोडत नाही आणि शेवटच्या फेऱ्या त्यातच जातात. रँडम फॉरेस्टमध्ये प्रत्येक झाडाला साधारण 63 टक्केच वेगळ्या ओळी दिसतात, त्यामुळे चुकीची लेबलं विखुरली जातात.

200 फोटो दुसऱ्या माणसाकडून, पहिली लेबलं न दाखवता, पुन्हा लावून घ्या. 20 ठिकाणी मतभेद निघाला तर 90 टक्क्यांच्या पुढचा आकडा आला तरी तो पारखायचा कशावर? बूस्टिंगच हवं असेल तर ग्रेडियंट बूस्टिंग घ्या, लर्निंग रेट (प्रत्येक फेरीने किती दुरुस्ती करायची तो आकडा) 0.05 च्या आसपास ठेवा आणि अर्ली स्टॉपिंग (सुधारणा थांबली की फेऱ्या थांबवणं) लावा. शिवाय ॲडाबूस्टच्या सर्वांत जास्त वजनाच्या पन्नास फोटोंची यादी काढा. चुकीची लेबलं शोधायला ती चांगली उपयोगी पडते.

प्रश्न : उसाच्या पानावरचा तांबेरा ओळखायला सात मॉडेलांचा स्टॅक 91.5 टक्के, त्यातलं सर्वोत्तम एकटं मॉडेल 91. मोबाइलवर चालवायचंय. सातही ठेवावीत का?
— एक वाचक, फलटण

उत्तर : नाही. नेटफ्लिक्सने 2009 मध्ये, प्रेक्षक चित्रपटाला किती गुण देईल याचा अंदाज 10 टक्के सुधारल्याबद्दल 10 लाख डॉलरचं बक्षीस दिलं. जिंकलेली पद्धत म्हणजे शेकडो मॉडेलांची मोट होती. ती कंपनीने वापरात आणलीच नाही. अचूकतेतली वाढ ती बसवण्याच्या खटाटोपाच्या मानाने थोडी होती. त्याआधी त्याच स्पर्धेच्या 2007 च्या टप्प्यावर आलेल्या शंभराहून जास्त मॉडेलांच्या मिश्रणातली फक्त दोन त्यांनी उचलली.

तुम्हीही तसंच करा. सर्वोत्तम मॉडेलापासून सुरुवात करा. उरलेल्या सहांपैकी जे जोडल्यावर वेगळ्या ठेवलेल्या फोटोंवर सर्वांत जास्त सुधारणा होते ते जोडा, सुधारणा थांबली की थांबा. बहुतेक दोन-तीनवरच थांबाल. तेही फोनला जड होत असेल तर सातही मॉडेलांचा स्टॅक संगणकावर ठेवा, लेबल न लावलेल्या भरपूर पानांच्या फोटोंवर त्याच्या शक्यता काढा, आणि 'होय/नाही'ऐवजी त्या शक्यताच उत्तर म्हणून देऊन एक लहान मॉडेल शिकवा. फोनवर ते एकटंच चढवायचं. ते फोटो मात्र ज्या फोनच्या कॅमेऱ्याने शेतात काढले जाणार त्यानेच काढा.