सगळं देवाच्या हाती, मग आपल्या हाती काय?
तुम्ही विचारलंय, आयुष्यावर देवाचीच सत्ता असेल तर धडपड कशाला? मी सोलापूरची, वडील यंत्रमागावर चादरी विणायचे. बायबलमधल्या ईयोब ७:६ मध्ये दिवस मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यापेक्षा वेगाने सरतात असं वाचलं की मला त्या मागाचा खडखडाटच ऐकू येतो. ख्रिस्ती विश्वासात ही सत्ता आंधळ्या नशिबाची नाही, बापाची आहे. बायबलमधल्याच मत्तय १० मध्ये येशू सांगतो, पित्यावाचून एक चिमणीही जमिनीवर पडत नाही, तुमच्या डोक्यावरचे केससुद्धा मोजलेले आहेत. तरी निवड आपली, जबाबदारीही आपली. दोन्ही एकत्र कसं बसतं, यावर देवाच्या सत्तेवर भर देणारा कॅल्व्हिन आणि माणसाच्या निवडीवर भर देणारा आर्मिनियस या ख्रिस्ती धर्मपंडितांना मानणाऱ्यांचं आजही जुळत नाही. वडील गेले तेव्हा मागावर चादर अर्धीच होती. त्या रात्री आईने मत्तयाचा हाच अध्याय काढून वाचला.