अणुऊर्जा केंद्रातल्या स्ट्रक्चरल बोल्टची तपासणी नेमकी कशी करतात? टॉर्क रेंच ‘कट्’ वाजला की बोल्ट पास का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, तारापूरला एका कंत्राटदाराकडे क्यूसी (गुणवत्ता तपासणीस) म्हणून लागताय, आणि सुपरवायझर सांगतोय, “रेंच कट् वाजला की बोल्ट पास, पुढे चल.”

तसं नसतं. रेंच मोजतो टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि आपल्याला हवा असतो बोल्टमधला ताण. या दोहोंच्या मध्ये घर्षण बसलेलं असतं. लावलेल्या जोरातला ढोबळ निम्मा हिस्सा नटाच्या तळाशी जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांमध्ये, आणि बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहावा भाग. आकडेच बघा. एम२० (२० मिमी व्यासाच्या), १०.९ ग्रेडच्या बोल्टचं ताण घेणारं क्षेत्रफळ २४५ चौरस मिमी. या ग्रेडची तुटण्याची ताकद १००० मेगापास्कल, तिच्या ७० टक्के धरले तर ताण हवा १७२ किलोन्यूटन, म्हणजे साडेसतरा टन. आटे स्वच्छ, कारखान्याचं वंगण शाबूत, टॉर्क गुणांक (टॉर्क भागिले ताण गुणिले व्यास; घर्षण वाढलं की तोही वाढतो) ०.१३ असेल तर त्याला ४४७ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. तोच बोल्ट चार दिवस खाऱ्या हवेत उघडा राहिला, आट्यांवर तांबूस पूड धरली आणि गुणांक ०.२० झाला, तर त्याच ४४७ ला ताण येतो फक्त ११२ किलोन्यूटन. रेंच मात्र दोन्ही वेळा तसाच वाजतो.

हा ताण एवढा महत्त्वाचा का? एम२० साठी भोक असतं २२ मिमीचं. घर्षणावर चालणाऱ्या सांध्यात बोल्ट प्लेटा आवळून धरतो आणि भार प्लेटांमधलं घर्षण पेलतं. आवळ कमी पडला तर धक्क्यासरशी प्लेट त्या दोन मिमीत सरकते. कोयनेचा १९६७ चा भूकंप कोकणाला शेजारीच झाला होता, त्यामुळे हा धक्का कागदावरचा समजू नका. (रिअॅक्टर व्हेसलच्या झाकणाचे स्टड ही निराळी गोष्ट. ते हायड्रॉलिक टेन्शनरने खेचून किती लांबले ते मोजतात. मी लिहितोय ते इमारतीचं स्टील, पाइप सपोर्ट आणि प्लॅटफॉर्म यांच्या बोल्टबद्दल.)

माझ्या मते निम्मी तपासणी स्टोअरमध्येच व्हायला हवी. डोक्यावर ग्रेड आणि बनवणाऱ्याची खूण, दोन्ही पाहिजेत. खूण नसलेला बोल्ट दिसायला कितीही चांगला असला तरी बाजूला. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात खोट्या खुणांचे बोल्ट इतके पसरले की १९९० मध्ये त्यासाठी फास्टनर क्वालिटी अॅक्ट करावा लागला. १०.९ च्या बोल्टला नट १० क्लासचा. खोक्यावरचा लॉट नंबर टेस्ट सर्टिफिकेटशी जुळवा. एका लॉटचा बोल्ट आणि दुसऱ्याचा नट अशी खिचडी नको. मृगाचा पाऊस सुरू झाला की किनाऱ्यावर उघडं खोकं दोन दिवसांत वाया जातं, म्हणून एका पाळीला लागतील तेवढेच बोल्ट बाहेर काढायचे आणि उरलेले संध्याकाळी परत झाकणाखाली. गंजलेल्या बोल्टला फिटरने आपल्या मनाने ग्रीस फासणं तर आणखी वाईट, कारण घर्षण अचानक घटतं आणि त्याच टॉर्कला बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो.

म्हणून टॉर्कचा आकडा तक्त्यातून उचलायचा नसतो, त्याच लॉटवर काढायचा असतो. बोल्टमधला ताण दाखवणारं हायड्रॉलिक यंत्र येतं, साइटवर त्याला सरसकट स्किडमोर म्हणतात. काम सुरू करण्यापूर्वी रोज त्या लॉटचे तीन संच त्यात आवळून कोणत्या टॉर्कला हवा तो ताण येतो ते पाहायचं. रेंचचं कॅलिब्रेशन चालू तारखेचं हवं आणि काम संपल्यावर त्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर सैल करून ठेवायची.

प्लेटा जुळण्याआधी त्यांची तोंडं बघा, मागाहून ती दिसत नाहीत. आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे काहीच प्रक्रिया न केलेल्या पृष्ठभागाचा घर्षण गुणांक ०.२०, ग्रिट ब्लास्ट (कठीण कणांचा मारा) करून सुटा गंज काढलेल्याचा ०.५०. डिझाइन ०.५० वर असेल आणि पेंटरने उत्साहाने सांध्याच्या आतही प्रायमर मारला असेल, तर बोल्ट कितीही आवळा, ती ताकद परत येत नाही.

आवळताना दोन फेऱ्या. पहिलीत सगळे बोल्ट स्नग टाइट, म्हणजे प्लेटा एकमेकींना नीट भिडल्या पाहिजेत. सुरुवात सांध्याच्या मधून, मग कडांकडे. कडेपासून सुरू केलं तर मध्ये फुगा राहतो, आणि तो नंतर दबला की आधी आवळलेले बोल्ट ढिले पडतात. मग बोल्टचं टोक, नट आणि प्लेट यांवरून एकच सरळ रेघ ओढायची आणि नट फिरवायचा. अमेरिकी पद्धतीत बोल्टची लांबी व्यासाच्या चौपटीपर्यंत असेल (एम२० ला ८० मिमी) तर एक तृतीयांश फेरा, त्यापुढे आठपटीपर्यंत अर्धा. तुमच्या मंजूर कार्यपद्धतीत जे लिहिलंय तेच धरा. आता रेघ बारकाईने बघा. नटावरची रेघ सरकली पाहिजे आणि बोल्टच्या टोकावरची जागेवर राहिली पाहिजे. दोन्ही बरोबरीने सरकल्या असतील तर मागे डोक्याला पाना धरलाच नव्हता, आख्खा बोल्टच फिरला. बहुतेक नवे इन्स्पेक्टर इथेच फसतात, कारण ते फक्त नटाकडे बघतात. नटाबाहेर निदान एखादा आटा दिसावा. वॉशर जी बाजू फिरवली तिच्याखाली.

आवळलेल्या बोल्टला पुन्हा क्लिक रेंच लावून फार काही कळत नाही. तो “निदान एवढा टॉर्क आहे” इतकंच सांगतो, जास्त झालाय का हे नाही. शिवाय थांबलेला नट हलवायला जास्त जोर लागतो आणि गंजाने धरलेला नट तर ढिला असूनही कट् वाजवून देतो.

अँकर बोल्टला वेगळा वेळ द्या. काँक्रीटमध्ये ठोकून बसवलेल्या एक्स्पान्शन अँकरवरच्या पाइप सपोर्टसाठी अमेरिकेच्या एनआरसीने (अणुकेंद्रांवर देखरेख करणाऱ्या आयोगाने) १९७९ मध्ये ७९-०२ क्रमांकाचं बुलेटिन काढून सगळ्या केंद्रांना फेरतपासणी करायला लावली. प्लेट लवचीक असली की ती तरफेसारखी वागते आणि अँकरवर हिशेबापेक्षा जास्त ओढ येते. त्यामुळे प्लेट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला, अँकर तिरका नाही ना बघा, खोली मोजा.

किनाऱ्यावर गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेले) बोल्ट मागण्याचा मोह होतो. कमी ताकदीच्या ८.८ ग्रेडला ठीक. १०.९ किंवा त्याहून कडक पोलादाला हॉट डिप (वितळलेल्या जस्तात बुडवणं) म्हणजे हायड्रोजनमुळे ठिसूळ होण्याची भीती. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर मार्च २०१३ मध्ये असेच ९६ पैकी ३२ जाड गॅल्व्हनाइज्ड रॉड ताण दिल्यावर काही दिवसांतच तुटले. ते आधी काही वर्षं पाणी साचलेल्या भोकांत पडून होते. अशी मोडतोड आवळताना होत नाही, दिवसांनी होते, म्हणून कडक ग्रेडच्या बोल्टवर आठवड्याभराने पुन्हा नजर टाका. बेसप्लेटच्या खोबणीत पाणी साचू देऊ नका.

चालू केंद्रातल्या जुन्या सांध्यांवर आधी डोळ्यांनीच: नटाखालून उतरलेला गंजाचा ओघळ, नटाच्या कडेने तडकलेला रंग, सरकलेली रेघ. मग नटाच्या एका बाजूला बोट ठेवून समोरून छोट्या हातोडीने ठोका. घट्ट नट खणखणतो, ढिला बोटाला थरथर देतो. लांब अँकरची झीज आतून बघायची असेल तर टोक सपाट घासून अल्ट्रासॉनिक. काढलेल्या बोल्टवर मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट (चुंबक आणि लोखंडी पूड वापरून तडे शोधणं) करताना नटात गुंतलेला पहिला आटा आणि डोक्याखालचा गोलवा, या दोनच जागी जास्त वेळ घालवा. तडे बहुधा तिथेच सुरू होतात.

ढिला सापडला तर फिटरला लगेच आवळू देऊ नका. आधी जसा आहे तसा फोटो, जागा, किती ढिला, शेजारचे बोल्ट कसे आहेत, मग नॉन-कन्फर्मन्स रिपोर्ट, म्हणजे प्रमाणाबाहेरच्या गोष्टीची लेखी नोंद. आवळल्यावर कारण शोधायला काही उरत नाही. आत जाताना नेलेला प्रत्येक नट, वॉशर आणि सॉकेट वहीत मोजून लिहा आणि बाहेर येताना तेवढेच मोजून काढा. स्टेनलेसवर खुणा करायला साधा बाजारातला मार्कर चालत नाही, शाईतल्या क्लोराइडने तडे जाऊ शकतात. स्टोअरमधून मंजूर मार्कर मागून घ्या.