क्लोरोफिलच्या नकाशाआधी पाणी ओळख
सांगलीत बसून समुद्राचा अभ्यास होतो रे, आर्गो फ्लोटचा (समुद्रात तरंगत पाण्याचं तापमान-क्षारता मोजणाऱ्या यंत्रांचा) डेटा फुकट मिळतो, टेन्शन घेऊ नको. फक्त डायरेक्ट क्लोरोफिलचा (प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, त्यांच्या हिरव्या रंगद्रव्याचा) सॅटेलाइट नकाशा उघडू नको, आधी तापमान-क्षारतेचा आलेख काढ, म्हणजे कुठलं पाणी कुठनं आलंय ते कळतं. आपली कृष्णा जाते त्या बंगालच्या उपसागराचंच बघ, गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी वर थर करून बसतं, खालचं नायट्रेट, म्हणजे प्लवकांचं खतच, वर येऊच देत नाही, म्हणून प्लवक वर कमी आणि बऱ्याचदा ५०-६० मीटर खाली जास्त, आणि ते सॅटेलाइटला दिसतच नाही! अरबी समुद्रात उलटं, पावसाळ्यात सोमालिया-ओमानकडं खालचं थंड पाणी वर येतं नि डायटम नावाचे प्लवक भराभर वाढतात. हिवाळ्यात त्याच समुद्राच्या उत्तरेला हिरवा नॉक्टिल्युका (एक सूक्ष्म समुद्री जीव) वाढतो, तो तर जबरदस्त विषय आहे, नंतर नक्की बघ.